भेट आणि भाडें

गेल्या कांहीं वर्षांत पुणें शहराच्या पश्चिमेस एक नवीनच रहदारी सुरू झाली आहे. मृगाच्या सरी पडून गेल्या कीं शनिवारीं सकाळीं चांदणी चौक ओलांडून भुगांव, पिरंगुट, पौड ह्या मार्गानें मोटारींची जी रांग लागते, तिच्यांतील फार थोड्या मोटारी कोणा सोयऱ्याच्या घरीं जात असतात. बहुतेकांनीं मुळशीच्या जलाशयाच्या कांठीं अथवा ताम्हिणीच्या बाजूस एखादें घर दोन दिवसांपुरतें भाड्यानें घेतलेलें असतें. घर पूर्वीं पाहिलेलें नसतें, घरवाल्याचें तोंडहि पाहिलेलें नसतें. पैसे मात्र अगोदरच पोंचते झालेले असतात. आमच्या घरीं असा बेत ठरला तेव्हां पिशव्या भरतां भरतां एक वाद निघाला. आमच्या वडील बहिणीनें बेसनाच्या लाडवांचा डबा बांधावयास घेतला आणि तो त्या घरच्या मंडळींसाठीं आहे असें सांगितलें. आमचे चिरंजीव हंसून म्हणाले, "आत्या, आपण दोन रात्रींचें भाडें भरलें आहे. खानावळींत जातांना मालकासाठीं कोणी लाडू नेतो काय?" अक्का म्हणाली, "खानावळींत आपण जेवून उठतों. येथें कोणाच्या तरी घरांत निजणार आहों."

वाद तेवढ्यावर थांबला आणि डबा मोटारींत चढला. त्याचें पुढें काय झालें तें यथाक्रम येईलच. परंतु दोघांचेंहि म्हणणें आमच्या मनांत घोळत राहिलें; कारण विचार करूं लागतांच असें दिसून आलें कीं, आत्या आणि भाचा ह्या दोघांच्याहि पाठीशीं जुना इतिहास उभा आहे. तो येथें मांडावा, आणि मुळशीसारख्या ठिकाणीं त्यास कोणतें वळण लागतें तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. मराठींत 'भेट' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन माणसांचें एकत्र येणें ही भेट, आणि त्या वेळीं एकानें दुसऱ्याच्या पुढें ठेवलेली वस्तु हीहि भेटच. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तींत हे दोन्ही अर्थ दिलेले असून, दुसऱ्या अर्थीं ती वस्तु वरिष्ठास दिलेली असते असा खुलासा आहे. खुलासा लहान खरा, पण त्यांत बरेंच कांहीं सांठलेलें आहे. संस्कृतांतील जें एक प्रसिद्ध वचन जुन्या मंडळींच्या तोंडीं नेहमीं असे, त्यांतहि रिकाम्या हातानें कोणाच्या दर्शनास जाऊं नये हें सांगतांना राजा, देव आणि गुरु हींच नांवें घेतलीं आहेत. सामान्य गृहस्थाचें नांव तेथें नाहीं. गृहस्थाच्या दारीं येणारा अतिथि रिकाम्या हातानेंच यावयाचा, हें आपल्या धर्मशास्त्रानें गृहीत धरलेलें दिसतें. पंचमहायज्ञांपैकीं मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीचें पूजन. त्या यज्ञांत पाय धुण्यास पाणी, आसन, अन्न हें सर्व गृहस्थाकडून निघावयाचें असतें. अतिथीनें पिशवींतून कांहीं काढावें अशी कोठेंहि अपेक्षा नाहीं.

'यजमान' ह्या शब्दाची कथा तर याहून गमतीची आहे. जो स्वतःच्या फलासाठीं यज्ञ करवितो, ऋत्विजांस बोलावतो आणि शेवटीं त्यांस दक्षिणा देतो, तो यजमान. म्हणजे मुळांत यजमान हा खर्च करणारा मनुष्य. पाहुण्यांस जेवूं घालणाऱ्या गृहस्थास हा शब्द लागला तो योग्यच होता, कारण तेथेंहि खर्च त्याचाच. आतां मात्र दिवसाचें भाडें घेऊन घर वापरावयास देणाऱ्यासहि आपण यजमान म्हणूं लागलों आहों. येथें शब्द पुरता उलटा फिरला. देणाऱ्याचें नांव घेणाऱ्यास चिकटलें. आमच्या चिरंजीवांच्या हंसण्याचें मूळ ह्या उलटापालटींत आहे, जरी त्यांस तें ठाऊक नसलें तरी.

शास्त्र असें म्हणत असलें तरी लोकाचारानें रिकाम्या हाताची लाज कधींच सोडली नाहीं. त्यानें एक आडवाट काढली. मराठी घरांत पाहुणा आला कीं तो घरधन्याच्या हातांत कांहीं देत नाहीं. त्याची नजर मुलास शोधते, आणि पुडा मुलाच्या हातीं जातो. ह्याला आपण 'खाऊ' म्हणतों. मूल नसेल तर नारळ देवापुढें ठेवला जातो. घरधन्यास उपकाराचें ओझें नको आणि पाहुण्यासहि मोठेपणा नको, म्हणून ती वस्तु जो कोणाचा वरिष्ठ नाहीं आणि कोणाचा आश्रितहि नाहीं अशा मुलाच्या हातीं, अथवा जो सर्वांचाच वरिष्ठ आहे त्या देवाच्या पुढें ठेवून मोकळें व्हावयाचें. उलट पाहुणीण निघते तेव्हां तिच्या कपाळीं कुंकू लागतें आणि तिची ओटी भरली जाते. देण्याघेण्याचा हिशेब कोठेंच मांडला जात नाहीं, तथापि कोणीहि रिकामें येत नाहीं कीं रिकामें जात नाहीं. अशी सुरेख तडजोड आमच्या आजी-पणजींनीं कोणत्याहि ग्रंथाचा आधार न घेतां केली, ह्याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

सुदाम्याची कथा ह्या दृष्टीनें पुन्हा पाहण्यासारखी आहे. भागवताच्या दशम स्कंधांत तो द्वारकेस निघतो तेव्हां त्याची बायको शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यांत बांधून देते. ज्याच्याकडे जावयाचें तो बालमित्र. पण आतां तो राजा झालेला. पोहे मित्रासाठीं म्हणून बांधले, आणि राजवाडा दिसतांच ते राजासाठीं फार थोडे वाटूं लागले. म्हणून त्यानें ते लपविले. कीर्तनांत ह्या प्रसंगीं श्रोते सुदाम्याच्या दारिद्र्यानें हळहळतात. आम्हांस मात्र त्याची अडचण फार ओळखीची वाटते. समोरचा मनुष्य आपला कोण लागतो हें निश्चित नसलें म्हणजे हातांतला पुडा जड होतो.

आतां चिरंजीवांच्या पक्षाचा इतिहास. भेट एकदां वर जाऊं लागली म्हणजे ती फार दिवस खुशीची राहत नाहीं. मराठेशाहीच्या महसुली कागदांत 'भेट' हें चक्क एका बाबीचें नांव आहे. कमाविसदार गांवीं आला म्हणजे रयतेनें त्याच्यापुढें कांहीं ठेवावें, हा प्रथम शिष्टाचार. पुढें त्याचा आंकडा ठरला, आणि जमाबंदीच्या इतर पट्ट्यांच्या ओळींत तो जाऊन बसला. 'फडफर्मास' नांवाची बाब तशीच. ज्या गांवीं जें पिकतें अथवा तयार होतें तें सरकारांत मागून घेण्याचा हा प्रकार. गांवांतल्या गांवांतहि पाटलाच्या मानपानांत अशा वस्तु असत. चांभारानें वर्षाचा जोडा द्यावयाचा, कोणी सणास आणखी कांहीं. वतनाची वांटणी किंवा विक्री झाली तर हे मानहि कागदावर चढत आणि त्यांवरून भांडणें होत. कोणा एका चांभारानें कधीं काळीं आपण होऊन चांगला जोडा करून आणला असेल. त्याच्या नातवास तो न आणण्याची सोय उरली नाहीं.

याच्या उलट बाजूस 'गांवखर्च' म्हणून एक सदर गांवच्या हिशेबांत असे. वाटेनें जाणारे गोसावी-बैरागी, सरकारचे जासूद, देवाच्या उत्सवास आलेले पाहुणे ह्यांच्या शिध्याचा खर्च त्यांत पडे. म्हणजे पाहुणचार ही एका घराची गोष्ट नसून गांवाची असे. पण तो पाहुणा हुद्देदार निघाला तर त्याच शिध्याची वेठ होण्यास वेळ लागत नसे. इंग्रजी अमलांत साहेब फिरतीवर निघाला म्हणजे तंबूपाशीं कोंबडीं, दूध, सरपण येऊन पडे, आणि त्याची किंमत पोंचतेच असें नव्हे. नाताळांत साहेबाच्या बंगल्यावर फळांच्या 'डाल्या' जात. त्यांत काय काय जाऊं लागलें ह्याची आठवण सरकारी नोकरांच्या वर्तनाच्या नियमांनीं ठेवली आहे; किरकोळ फुलें-फळें ह्यांपलीकडे कांहीं घेऊं नये असें त्यांत लिहावें लागलें. तेव्हां भाडें एकदां चुकतें केलें कीं व्यवहार संपला, त्यावर भेटीचें शेपूट नको, असें म्हणणाऱ्या तरुणास आम्ही असंस्कृत म्हणणार नाहीं. ठरलेला दर ही गरिबाची मोठी सोय आहे. जेथें दर ठरलेला नसतो तेथें घेणारा लाचार होतो किंवा देणारा नाडला जातो.

ह्याचा उत्तम दाखला आपल्या तीर्थक्षेत्रांत मिळतो, आणि आमच्या समजुतीनें हल्लींच्या भाड्याच्या घरांचा खरा पूर्वज तेथेंच आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथें यात्रेकरू उतरत तो क्षेत्रोपाध्यायाच्या घरीं. निजावयास ओसरी, आंघोळीस पाणी, दोन वेळां जेवण, तीर्थविधींची व्यवस्था, सर्व तेथेंच. ही सोय फुकट नव्हती; तथापि तिला भाडें हें नांवहि नव्हतें. निघतांना दक्षिणा द्यावयाची, ती ऐपतीप्रमाणें. आणि ऐपत किती आहे ह्याविषयीं उपाध्यायाचें मत यात्रेकरूच्या मतापेक्षां बहुधा वरचें असे. त्या खटक्यांच्या गोष्टी पुष्कळ घरांतून ऐकावयास मिळतात. पण त्याच उपाध्यायाजवळ वही असे. तुमचे पणजोबा कोणत्या सालीं आले, बरोबर कोण होतें, कोणाचें श्राद्ध केलें, हें त्यांत लिहिलेलें आणि खालीं त्यांची सही. तुम्ही दारांत उभे राहून आडनांव आणि गांव सांगितलें कीं तुम्ही गिऱ्हाईक राहिलां नाहीं, चार पिढ्यांचे यजमान झालां. होय, तेथें यजमान हा शब्द उतरणाऱ्यास लावीत, उतरवून घेणाऱ्यास नव्हे, आणि शब्दाच्या मूळ अर्थास तेंच धरून होतें. अशा घरीं जातांना लोक दक्षिणेखेरीज घरचें कांहीं ना कांहीं नेत, नवे तांदूळ, डाळ, गूळ. आणि परततांना पंढरपूरचा बुक्का व चुरमुरे वाटेंतल्या ओळखीच्या घरांत ठेवीत येत. दक्षिणेवरून ज्याच्याशीं घासाघीस झाली त्यालाच तांदळाची पुरचुंडी प्रेमानें द्यावयाची, ह्यांत कोणास विसंगति वाटत नसे.

हवापालटासाठीं लोणावळें, पांचगणी, देवळाली येथें बंगल्यांत खोल्या घेऊन राहण्याची चाल पुढें आली. तिच्यांत भाडें होतें, पण वही नव्हती. अलीकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास-न्याहारी योजना आली. २०२० सालीं राज्य सरकारनें कृषि पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. आणि दूरच्या अमेरिकेंत २००७ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील दोघां तरुणांनीं स्वतःच्या घराचें भाडें भागेना म्हणून दिवाणखान्यांत हवेच्या गाद्या टाकून तिघांस न्याहारीसह ठेवून घेतलें, त्यांतून एअरबीएनबी ही जगभर पसरलेली पेढी निघाली. त्या पहिल्या तिघांत एक भारतीय विद्यार्थी होता, हें आमच्या वाचकांस ऐकून बरें वाटेल. ह्या नव्या पद्धतींत वही पुन्हा आली आहे. पण तींत पणजोबांचें नांव नसतें. पाहुणा घरास गुण देतो आणि घरवाला पाहुण्यास. जेथें एकमेकांस गुण द्यावयाचे आहेत तेथें नेलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडे संशयानें पाहिलें जाणारच. कमाविसदाराची भेट नव्या वेषांत आली असें कोणी म्हटलें तर उत्तर देणें कठीण आहे.

इतर देशांनींहि ह्या गांठी सोडविण्याचा प्रयत्न केलेला आहे. ग्रीकांच्या भाषेंत 'क्सेनोस' हा एकच शब्द पाहुण्यास आणि यजमानास लागतो. परका असाहि त्याचा अर्थ आहे. होमरच्या काव्यांत भेटवस्तु देतो तो यजमान, आणि तीहि पाहुणा निघण्याच्या वेळीं. कारण आजचा यजमान उद्यां त्याच्या दारीं पाहुणा म्हणून यावयाचा असतो. जपानांत कोणाच्या घरीं जातांना हातांत न्यावयाच्या लहानशा वस्तूस 'तेमियागे' असें स्वतंत्र नांव आहे आणि ती बहुधा खाण्याची असते. फ्रेंच पंडित मार्सेल मोस ह्यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दानविषयक निबंधांत अनेक समाजांच्या चाली गोळा केल्या, महाभारतांतील दानधर्माचाहि विचार केला, आणि दाखविलें कीं दिलेली वस्तु परतफेडीची ओढ बरोबर घेऊन जाते. हें वाचून आमच्या अक्केस कांहीं नवें कळलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां मुळशीकडे वळूं. ज्या घरांत आम्ही उतरणार होतों तें मुळशींतलें, आणि मुळशीस बाहेरून आलेल्या मंडळींचा इतिहास साधा नाहीं. टाटांनीं लोणावळ्याच्या आणि आंध्रा नदीच्या खोऱ्यांतून वीज काढण्याचे उद्योग हातीं घेतल्यानंतर १९१९ सालीं तिसरी कंपनी काढली. नीळा आणि मुळा ह्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें, तें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस कोंकणांत भिऱ्यास सोडावयाचें, आणि तेथें निघालेली वीज मुंबईस न्यावयाची, अशी ती योजना. सुमारें ५० गांवांचीं शेतें आणि घरें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. हीं शेतें भाताचीं. ज्या आंबेमोहोर तांदळास आंब्याच्या मोहराचा वास येतो म्हणून पुण्याचीं घरें तो जपून वापरीत, त्याचें हें माहेर. कंपनीचीं माणसें आलीं तीं भेटीची गोष्ट दूरच, पण 'येऊं कां' असें विचारण्याचीहि तसदी न घेतां. जमीन रीतसर ताब्यांत येण्यापूर्वींच शेतांत चाचणीचे चर खणले गेले. पुढें १८९४ चा भूसंपादनाचा कायदा मदतीस आला.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें १२०० मावळे धरणाच्या जागीं जाऊन बसले आणि काम थांबलें. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. गांधींनीं त्याच महिन्यांत 'यंग इंडिया'मध्यें लिहून टाटांस अशी विनंती केली कीं, त्यांनीं आपल्या कायदेशीर हक्कांवर उभें न राहतां लोकांशींच बोलून काय तें ठरवावें. बोलणें झालें नाहीं असें नाहीं, पण त्यांतून जमीन वांचली नाहीं. पुण्याहून आणि इतर गांवांहून स्वयंसेवक आले, मावळ्यांबरोबर तुरुंगांत गेले. पांडुरंग महादेव बापट ह्यांस लोक 'सेनापति' म्हणूं लागले ते ह्याच लढ्यांत. विनायकराव भुस्कुटे ह्यांनीं पुढें त्याची हकीकत लिहिली. १९२४ च्या अखेरीस बापटांस ७ वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजघर सुरू झालें.

राजेंद्र व्होरा ह्यांनीं ह्या सत्याग्रहाचा जो साक्षेपी इतिहास लिहिला आहे, त्यांतील एक गोष्ट आमच्या विषयाशीं फार जवळची आहे. बुडणाऱ्या जमिनींपैकीं बऱ्याचशा जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या होत्या. कसणारा मावळा, आणि सात-बारा म्हणा, खातें म्हणा, तें दुसऱ्याच्या नांवें. मोबदल्याचा आंकडा पुढें येतांच सावकारांचें हित एकीकडे गेलें आणि कसणाऱ्यांचें एकीकडे राहिलें. पुणेंकरांनीं मुळशीस सेनापति दिले ह्याचा अभिमान आम्हां पुणेंकरांस वाटतो. सावकारहि आपणच दिले होते, हें त्याच अभिमानाच्या शेजारीं लिहून ठेवावयास हवें.

घर एकाचें आणि चूल दुसऱ्याची, हा प्रकार तेव्हां मुळशीस नवा नव्हे. शेतकऱ्याखेरीज इतरांनीं शेतजमीन घेऊं नये असा १९४८ च्या कुळकायद्याचा निर्बंध असला, तरी बिनशेती झालेल्या भूखंडांवर बंगले उठले, आणि मोसे खोऱ्यांत तर लवासा नांवाचें एक अख्खें शहर उभारण्याचा घाट घातला गेला. ती कंपनी २०१८ सालीं दिवाळखोरीच्या प्रक्रियेंत गेली. बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्यास राहतात. वर्षांतून चार वेळां येणें होतें, म्हणून उरलेले दिवस घर भाड्यानें जातें. झाडलोट करणारा, मोटार आंत लावून घेणारा, भाकरी थापून देणारी, हीं माणसें तेथलीं असतात. सर्वच घरें अशीं नाहींत. स्वतःच्या शेतावर दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवणारे शेतकरीहि आतां आहेत, आणि त्यांच्याकडे यजमान कोण हा प्रश्नच पडत नाहीं. आम्हीं घेतलेलें घर मात्र पहिल्या जातीचें होतें.

फाटकाच्या कुलुपाचा आंकडा मालकांनीं दूरध्वनीवर कळविला होता. आम्ही पोंचलों तेव्हां एक बाई सोपा पुसून मागील दारानें निघून जात होत्या. दोन दिवस त्यांनीं आम्हांस पिठलें-भाकरी, भात, मेथीची भाजी करून घातली. बोलणें झालें तें मिठाचें आणि पावसाचें. निघतांना अक्केनें डबा काढला. मालक तर तेथें नव्हते. म्हणून तिच्या सांगण्यावरून आम्हीं एका चिठ्ठीवर "यजमानांस सप्रेम भेट" असें सुवाच्य अक्षरांत लिहिलें आणि चिठ्ठीसह डबा स्वयंपाकघरांतील वरच्या फळीवर ठेवून दिला. बाईंच्या हातांत कांहीं नोटा दिल्या. त्या त्यांनीं पदरास बांधल्या आणि नमस्कार केला. रीत सांभाळली गेली असें वाटून आम्ही संतुष्ट मनानें घाट उतरलों.

दिवाळीच्या सुट्टींत त्याच घरीं पुन्हा जाण्याचा योग आला. स्वयंपाकघरांत गेलेली अक्का बाहेर आली ती एक शब्द न बोलतां. डबा त्याच फळीवर होता. चिठ्ठीहि होती, पावसाळ्यानें पिवळी पडलेली. झांकण उघडलें तेव्हां आंतल्या लाडवांकडे पाहवत नव्हतें. बाईंस विचारलें तेव्हां त्या ओशाळल्या. त्यांची मुलगी सातवींत शिकते. तिनें चिठ्ठी वाचून दाखविली होती. "यजमान म्हणजे बंगल्याचे मालकच की. साहेबांसाठी ठेवलेलं, हात कसा लावायचा? साहेब काही आले नाहीत अजून." चार-साडेचार महिने ती मुलगी त्या फळीखालीं उभी राहून आईस भांडीं घासूं लागत होती.

आमच्या हातून काय झालें तें तेव्हां ध्यानांत आलें. जी भेट पाहुणा घराच्या माणसास देतो ती आम्हीं सात-बाऱ्यावरील नांवास दिली, आणि जिनें आम्हांस वाढलें तिच्या हातांत नोटा ठेवल्या. शिवाय त्या दिल्या निघण्याच्या वेळीं. निघतांना वरच्यानें खालच्यास दिलेल्या पैशास आपल्या भाषेंत बक्षीस म्हणतात, दिवाळींत दिलें तर पोस्त म्हणतात. त्यास भेट म्हणत नाहींत. नोटा देणें चुकीचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्या कष्टास त्या थोड्याच होत्या. परंतु लाडू आणि नोटा ह्यांची आम्हीं अदलाबदल केली होती. पैसे घरास, म्हणजे मालकास, भाडें म्हणून मिळालेच होते. खाऊ त्या मुलीचा होता, आणि तो पोंचतांच, पिशवी खालीं ठेवण्यापूर्वीं द्यावयाचा होता. चिरंजीव त्या दिवशीं हंसले नाहींत. कुजके लाडू त्यांनीं स्वतः मागच्या खड्ड्यांत पुरले आणि डबा घांसून आणला.

ह्या वेळीं अक्केनें दिवाळीचा फराळ आणला होता. चकल्या, करंज्या आणि शेव असा एक मोठा पुडा तिनें मुलीस हांक मारून तिच्या हातांत दिला. मुलीनें आईकडे पाहिलें, आईनें मान हालविली, आणि पोर धांवत वाडीकडे गेली. त्या दिवशीं संध्याकाळीं बाई प्रथमच पायरीवर टेकल्या. सासऱ्यांचे वडील धरणाच्या वेळीं वरच्या अंगास येऊन राहिले, खालचें सर्व पाण्यांत गेलें, आतां भाताचीं दोन खाचरें आहेत असें त्यांनीं सांगितलें. अक्केनें बाळंतपणें आणि गुडघेदुखी ह्यांविषयीं विचारलें. सत्याग्रहाविषयीं आम्हीं कांहीं विचारूं लागलों तर अक्केनें डोळ्यांनींच आम्हांस गप्प केलें, आणि तें बरें झालें.

तिसऱ्या दिवशीं सामान बांधून होत असतां बाई आल्या. हातांत त्यांच्या घरचा एक पितळी डबा होता, कडेस थोडा चेपलेला. त्यांत त्यांच्या खाचरांतला नवा आंबेमोहोर होता, चार-पांच शेर तरी. आम्हीं खिशाकडे हात नेतांच अक्केनें आमचें मनगट धरलें. बाईंनीं डबा पुढें केला तो तिच्याकडेच. "पुडा मोकळा कसा धाडायचा," एवढेंच त्या म्हणाल्या. भांडें शेजारीं रिकामें परत करूं नये ही रीत अक्का आम्हांस लहानपणापासून सांगत आली आहे. ती मुळशीसहि तीच आहे.

तांदूळ संक्रांतीपर्यंत पुरला. डबा अजून आमच्याकडे आहे, चिंच लावून लखलखीत केलेला, आणि अर्थात् तोहि रिकामा परत जावयाचा नाहीं. मृगानंतर पुन्हा जाण्याचें ठरत आहे. आपण भाडें भरलें आहे, मग कांहीं कशास न्यावयाचें, असें ह्या खेपेस घरांत कोणीं म्हटलेलें नाहीं. चिरंजीवांचें म्हणणें, मुलगी आतां आठवींत जाईल, डब्यांत तिच्यासाठीं वह्या-पेन्सिली घालाव्या. अक्केचें म्हणणें, वह्या निराळ्या द्या, डब्यांत खाण्याचेंच जिन्नस घालावयाचें. त्यावर अद्याप एकमत झालेलें नाहीं.